ब्राउझर कोणता, हे ठरवतो कोण?

संगणकावर किंवा मोबाइलवर संकेतस्थळे उघडून दाखवणारा प्रोग्राम म्हणजे ब्राउझर, आणि तो कोणता वापरावा याविषयी ज्याचे त्याचे मत इतके ठाम असते की एकाच कचेरीत शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघांचे त्यावर वर्षानुवर्षे एकमत होत नाही. कोणाला क्रोमखेरीज दुसरे काही चालत नाही, कोणी फायरफॉक्स सोडायला तयार नसतो, कोणी विंडोजबरोबर आलेल्या एजवर समाधानी असतो, तर आयफोन वापरणाऱ्याला सफारीपलीकडे पाहण्याची गरजच भासत नाही. वरवर पाहता हा वाद निव्वळ आवडीनिवडीचा वाटतो. परंतु गेल्या तीस वर्षांचा क्रम नीट पाहिला, तर असे दिसते की ज्याला आपण आपली आवड म्हणतो ती पुष्कळदा दुसऱ्यांनी आपल्यासाठी आधीच केलेली निवड असते. ती कधी संगणकाबरोबर आलेल्या विंडोजने केलेली असते, कधी मोबाइल बनवणाऱ्या कंपनीने, कधी मराठी वर्तमानपत्राच्या फॉन्टने आणि कधी सरकारी पोर्टलाने. म्हणूनच हा वाद क्षुल्लक समजून सोडून देण्यासारखा नाही, आणि त्याचे मर्म समजून घ्यायचे तर पीथमपूरसारख्या कारखान्यांच्या गावापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते.

पीथमपूरच्या कचेरीतील दोन ब्राउझर

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, इंदूर आणि महू यांच्या जवळ असलेले पीथमपूर १९८०च्या दशकापासून मोठी औद्योगिक वसाहत म्हणून वाढत गेले. पुण्याच्या आकुर्डीत मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सचा, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोचा, कारखाना येथे आहे, आयशरची व्यापारी वाहने येथे तयार होतात, आणि वाहनांच्या चाचणीसाठी बांधलेला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगवान ट्रॅक २०२१ मध्ये येथेच सुरू झाला. इंदूरच्या पलीकडे असलेल्या देवासमध्ये किर्लोस्कर ब्रदर्सचा कारखाना आहे आणि नोटा छापणारा सरकारी छापखानाही आहे. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची जुनी संस्थाने असल्यामुळे माळव्याच्या या पट्ट्यात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत.

कारखाना लहान असो वा मोठा, त्याच्या लेखाविभागाचे निम्मे काम आता सरकारी पोर्टलांवर चालते. जीएसटीचे विवरणपत्र, आयकराचा भरणा, कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचे चलन, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे पाठवायचे वार्षिक फॉर्म आणि सरकारी खरेदीच्या ई-निविदा ही सारी कामे ब्राउझरमधूनच करावी लागतात. यांपैकी अनेक कामांना डिजिटल स्वाक्षरी लागते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० या कायद्याने तिला मान्यता दिली. ही स्वाक्षरी म्हणजे सहीचे चित्र नव्हे; ती एका गुप्त किल्लीच्या साहाय्याने गणिती पद्धतीने केली जाते, आणि ती किल्ली चोरीला जाऊ नये म्हणून यूएसबीला लावायच्या एका लहान उपकरणात, कचेऱ्यांत ज्याला सर्रास ‘डोंगल’ म्हणतात त्यात, बंद करून ठेवलेली असते.

अडचण येथूनच सुरू होते. सुरक्षिततेसाठी ब्राउझर कोणत्याही संकेतस्थळाला संगणकाच्या आतल्या भागापर्यंत पोहोचू देत नाही, म्हणजेच पोर्टलाला डोंगलमधील किल्ली थेट वापरता येत नाही, आणि त्यामुळे मध्ये कोणीतरी मध्यस्थ लागतो. २००० नंतरच्या दशकात भारतीय सरकारी पोर्टले उभी राहिली, तेव्हा या मध्यस्थीसाठी दोन मार्ग प्रचलित होते. एक मार्ग अ‍ॅक्टिव्हएक्सचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टने बनवलेल्या आणि केवळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालणाऱ्या जोड-प्रोग्रामांचा. दुसरा जावा अ‍ॅपलेटचा, म्हणजे जावा या भाषेत लिहिलेल्या आणि ब्राउझरच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा. त्या काळी बहुतेक संगणकांवर एक्स्प्लोररच असल्यामुळे पोर्टल बनवणाऱ्यांनी त्याच्यापुरतीच चाचणी घेतली, आणि पानाच्या तळाशी ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसते’ अशी सूचना छापून ते मोकळे झाले.

पुढे जग बदलले, पोर्टले मात्र तेवढ्या वेगाने बदलली नाहीत. ब्राउझरला जोडलेल्या जावासारख्या प्लगइनांमधून घातक प्रोग्राम संगणकात शिरतात, हे वारंवार दिसून आल्यावर क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये अशा प्लगइनांचा आधार पूर्णपणे काढून घेतला आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सनेही, एका फ्लॅशचा अपवाद ठेवून, तेच केले. त्यामुळे कचेरीतील माणूस एका विचित्र पेचात सापडला. जो ब्राउझर वेगवान आणि सुरक्षित होता त्यात सही होत नव्हती, आणि ज्यात सही होत होती तो जुना, संथ व धोक्याचा होता. ‘क्रोममध्ये उघडत नाही, एक्स्प्लोररमध्ये टाकून बघा’ हे वाक्य लेखाविभागांत नित्याचे झाले, आणि एकाच संगणकावर बातम्या व मेलसाठी एक ब्राउझर आणि डोंगलसाठी दुसरा, अशी विभागणी रूढ झाली. तरुण कर्मचाऱ्याने जुना एक्स्प्लोरर काढून टाकावा म्हणून आग्रह धरायचा आणि अनुभवी लेखापालाने त्याला हात लावू द्यायचा नाही, या भांडणात दोघेही आपापल्या जागी बरोबरच होते, कारण चूक त्यांच्यापैकी कोणाचीच नव्हती.

१५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या सर्वसाधारण आवृत्त्यांवरील इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार थांबवला. मात्र त्यावर अवलंबून असलेली संकेतस्थळे जगभर इतकी होती की एज या नव्या ब्राउझरमध्ये जुन्या एक्स्प्लोररसारखे वागण्याची सोय ठेवावी लागली आणि ती किमान २०२९ पर्यंत टिकवण्याचे आश्वासनही द्यावे लागले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा त्याच्या पोर्टलाने निराळी वाट धरली होती. तेथे सहीचे काम संगणकात वेगळा बसवलेला एक छोटा प्रोग्राम करतो आणि ब्राउझर केवळ त्याच्याशी बोलतो, त्यामुळे तत्त्वतः कोणताही आधुनिक ब्राउझर चालतो. प्रत्यक्षात मात्र येथेही ब्राउझरागणिक फरक पडतो, कारण आपल्याच संगणकातील त्या प्रोग्रामाशी होणारे बोलणे सुरक्षित आहे की नाही हे प्रत्येक ब्राउझर आपापल्या नियमांनी तपासतो. एकात सही सहज होते, तर दुसऱ्यात आधी धोक्याची सूचना पाहून ‘तरीही पुढे जा’ हे बटण दाबावे लागते. ज्या सूचनेकडे कधीही दुर्लक्ष करू नये असे बँका सांगतात, तीच ओलांडायला येथे शिकावे लागते, ही गोष्ट काळजी वाटावी अशीच आहे.

नावे अनेक, कुळे तीन

एकाच ब्राउझरवर इतका भार पडला, याचे कारण या क्षेत्राच्या इतिहासात आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला, तो जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत. सामान्य माणसाला रुचेल असा चित्रांसह मजकूर दाखवणारा मोझॅक १९९३ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात तयार झाला, आणि तो घडवणाऱ्यांपैकी मार्क अँड्रीसन यांनी उभारलेल्या कंपनीने १९९४ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर बाजारात आणला. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर काढला आणि पुढे तो विंडोजबरोबर फुकट देऊ केला. नवा संगणक घेणाऱ्याला ब्राउझर आयताच मिळू लागल्यावर दुसरा शोधण्याचे कारण उरले नाही, आणि काही वर्षांतच जगातील दर दहांपैकी नऊहून अधिक लोक एक्स्प्लोरर वापरू लागले. अमेरिकी सरकारने मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, २००० मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी कंपनीचे दोन भाग करण्याचा आदेश दिला, पण २००१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो रद्द केला. तोवर नेटस्केपची बाजारातील जागा गेली होती.

नेटस्केपने १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली आणि तिच्यातून मोझिला हा प्रकल्प उभा राहिला. त्याचा फायरफॉक्स ९ नोव्हेंबर २००४ रोजी आला. एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये निघाल्यानंतर मायक्रोसॉफ्टने पाच वर्षे नवी मोठी आवृत्ती काढली नव्हती, त्यामुळे एकाच खिडकीत अनेक पाने उघडण्याची आणि नको त्या खिडक्या रोखण्याची फायरफॉक्समधील सोय लोकांना फार मोलाची वाटली. फायरफॉक्स वापरणाऱ्यांच्या आग्रहात आजही जी निष्ठा दिसते, तिचे मूळ त्या काळात आहे. मक्तेदारीला पर्याय असू शकतो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. पुढे २ सप्टेंबर २००८ रोजी गूगलने क्रोम आणला, वेग आणि साधेपणा यांच्या जोरावर तो २०१२ च्या सुमारास एक्स्प्लोररच्या पुढे गेला, आणि आज जगातील साधारण दोन-तृतीयांश वापर एकट्या क्रोममधून होतो. भारतात तर त्याचा वाटा त्याहूनही बराच मोठा आहे.

येथे एक पारिभाषिक गोष्ट समजून घेतली पाहिजे. संकेतस्थळाची आज्ञावली वाचून तिचे दृश्य पान बनवणारा जो ब्राउझरचा गाभा असतो, त्याला इंजिन म्हणतात. बाजारात ब्राउझरांची नावे डझनावारी असली, तरी मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी इंजिने आता तीनच उरली आहेत. अ‍ॅपलच्या सफारीचे वेबकिट, २०१३ मध्ये त्यातूनच फुटून निघालेले गूगलचे ब्लिंक आणि फायरफॉक्सचे गेको. क्रोमखेरीज ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंगचा ब्राउझर आणि जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एज हे सगळे ब्लिंकवर चालतात. देवासच्या वाचकाला हे चटकन उमगेल. तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांपासून त्या गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली, एकाच गावात दोन राजवाडे, दोन दरबार आणि दोन कारभार चालले, पण कूळ एकच राहिले. क्रोम सोडून एज घेणारा माणूस राजवाडा बदलतो, कूळ बदलत नाही. आणि म्हणून क्रोम बरा की एज बरा, या वादात दिसते तेवढे अंतर मुळात नसते. फरक असतो तो खात्यांचा, साठवलेल्या पासवर्डांचा, वरच्या पट्टीच्या मांडणीचा आणि कंपनी कोणती माहिती गोळा करते याचा.

इंजिनांची संख्या घटली की संकेतस्थळे बनवणारे एकाच इंजिनापुरती चाचणी घेऊ लागतात, म्हणजे एक्स्प्लोररच्या काळात जे घडले तेच नव्या नावाने पुन्हा घडते. ‘फक्त क्रोममध्ये उघडा’ ही सूचना आता बँका, महाविद्यालये आणि परीक्षा मंडळे यांच्याकडून सर्रास मिळते. पूर्वी ‘एक्स्प्लोररमध्येच चालते’ याचा ज्यांना त्रास झाला, त्यांनी तरी ही सूचना निमूटपणे स्वीकारू नये.

मराठी अक्षरांची ओढाताण

ब्राउझरच्या निवडीशी मराठी वाचकाचा एक खास संबंध आहे आणि तो महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला विशेष जाणवला. इंदूरमध्ये २००१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच सुमारास मराठी वर्तमानपत्रे इंटरनेटवर स्थिरावू लागली होती. माळव्यातल्या वाचकाला महाराष्ट्रातील ताजा अंक त्याच दिवशी वाचायला मिळणे ही मोठीच गोष्ट होती. पण ती मिळेल की नाही, हे ब्राउझरवर अवलंबून होते.

त्या काळी प्रत्येक वर्तमानपत्र आपापला फॉन्ट वापरत असे, आणि त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. वाचकाच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, तर मराठी बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गोळा दिसे. यावर तोड म्हणून पानाबरोबरच फॉन्ट पाठवण्याची युक्ती निघाली, पण ती दोन वेगळ्या, परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धतींनी; एक मायक्रोसॉफ्टची, जी एक्स्प्लोररमध्ये चाले, आणि दुसरी बिटस्ट्रीम या कंपनीची, जी नेटस्केपमध्ये चाले. बहुसंख्य वाचक एक्स्प्लोररचे असल्याने पहिलीच पद्धत टिकली, आणि तत्त्व म्हणून फायरफॉक्स वापरणाऱ्याला मराठी बातमी वाचण्यासाठी तत्त्व बाजूला ठेवावे लागले. काही जणांनी ‘पद्मा’ नावाचा फायरफॉक्सचा जोड-प्रोग्राम बसवून घेतला. तो अशा फॉन्टांतील मजकुराचे युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील सर्व लिप्यांना एकच क्रमांकन देणाऱ्या प्रणालीत, रूपांतर करून दाखवत असे.

संकेतस्थळे युनिकोडकडे वळली तरी कुरबुर लगेच संपली नाही. देवनागरीत काना, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे एकमेकांशी नीट जुळावी लागतात, आणि हे जुळवण्याचे काम ब्राउझरने करायचे असते. फायरफॉक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोन्ही बाजूंनी समास सरळ केलेला मजकूर असला, की देवनागरी शब्दांतली अक्षरे तुटक दिसत. हा दोष २००८ च्या फायरफॉक्स ३ मध्ये दूर झाला. म्हणजे ज्या काळात जगभरचे जाणकार फायरफॉक्सची वाहवा करत होते, त्या काळात मराठी वाचकाने एक्स्प्लोररला चिकटून राहण्यामागे सबळ कारण होते.

आज हा फरक बराच सूक्ष्म झाला आहे, पण संपलेला नाही. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची लिपी देवनागरी असली, तरी ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत, आणि ‘वाऱ्यावर’ किंवा ‘कऱ्हाड’ यांतला अर्धा र तर हिंदीत वापरलाच जात नाही. चांगल्या फॉन्टांमध्ये दोन्ही वळणे असतात. त्यांतले कोणते दाखवायचे, हे पानाची भाषा मराठी असल्याची खूण पानात दिली आहे की नाही आणि ती खूण ब्राउझर फॉन्टपर्यंत पोहोचवतो की नाही यावर ठरते. प्रमुख ब्राउझरांना हे आता करता येते, पण संकेतस्थळ बनवणारा ती खूणच देत नाही तेव्हा फॉन्टमधले मूळ वळण, बहुधा हिंदी, तसेच येते. धार-देवासच्या मराठी घरात मुलांच्या डोळ्यांसमोर दिवसभर हिंदी वळणे असतात. तेथे मराठी पानावर तरी मराठी ‘ल’ दिसावा, ही मागणी अवाजवी नाही.

मोबाइलवर निवडीचे काय झाले

भारतातील बहुसंख्य लोकांनी इंटरनेट प्रथम पाहिले ते मोबाइलवर, आणि तेथे आवडीचा निकष सुरुवातीला एकच होता, तो म्हणजे डेटा किती लागतो. टूजीच्या काळात ऑपेरा मिनी लोकप्रिय झाला, कारण तो पान आधी आपल्या सर्व्हरवर मागवून, दाबून लहान करून मगच मोबाइलवर पाठवत असे. अशाच बचतीच्या जोरावर चीनच्या अलिबाबा समूहाचा यूसी ब्राउझर काही वर्षे भारतात आघाडीवर राहिला. मात्र टोरंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने २०१५ मध्ये दाखवून दिले, की तो वापरणाऱ्याचे ठिकाण, शोधलेले शब्द आणि उपकरणाची ओळख यांची माहिती पुरेशा सुरक्षेविना पाठवत होता. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ चिनी अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यांत यूसी ब्राउझरही होता. कोट्यवधी लोकांची आवड एका संध्याकाळी सरकारी आदेशाने बदलली, आणि त्यांतले बहुतेक जण मोबाइलमध्ये आधीपासूनच असलेल्या क्रोमकडे वळले.

क्रोम आधीपासून असणे हा काही योगायोग नव्हता. गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीसह मोबाइल विकणाऱ्या कंपन्यांना गूगलची अ‍ॅपे एकगठ्ठा घालावी लागत, आणि त्यांत क्रोमचाही समावेश असे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी या व इतर अटींबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द करताना दंड मात्र कायम ठेवला. युरोपने याच प्रश्नावर थेट वापरणाऱ्यालाच विचारण्याचा मार्ग धरला. २०१० पासून तेथील विंडोज संगणकांवर कोणता ब्राउझर हवा हे विचारणारा पडदा दाखवण्याचे मायक्रोसॉफ्टने मान्य केले होते, आणि पुढे काही संगणकांवर तो दाखवायचा राहून गेल्याबद्दल २०१३ मध्ये तिला ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला. मार्च २०२४ पासून युरोपात मोबाइलवरही असा पडदा दिसू लागला आहे. लोकांना पर्याय समोर मांडून विचारले, तरच त्यांच्या उत्तराला आवड म्हणता येते, हे तत्त्व भारतातही तितकेच लागू पडते.

खासगीपण आणि विश्वास

ब्राउझरविषयीचे सध्याचे सर्वांत कडवे मतभेद खासगीपणावरून आहेत. संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये ओळखीची जी छोटी नोंद ठेवते, तिला कुकी म्हणतात. खरेदीच्या संकेतस्थळावर टोपलीतला माल लक्षात राहतो तो तिच्यामुळेच. पण जाहिरात कंपन्या अनेक संकेतस्थळांवर आपल्या कुकी पेरून एकाच माणसाचा सर्वत्र माग काढतात. सफारी आणि फायरफॉक्स अशा माग काढणाऱ्या कुकींना आपणहून अटकाव करतात. गूगलने २०२० मध्ये त्या क्रोममधून काढण्याची घोषणा केली, पण पुढे तो बेत सोडून दिला. जाहिरात रोखणाऱ्या यूब्लॉक ओरिजिन या जोड-प्रोग्रामाला २०२४-२५ मध्ये क्रोमच्या नव्या नियमांमुळे बाहेर पडावे लागले, फायरफॉक्समध्ये तो चालू राहिला. जाहिरातींवर उत्पन्न असलेली कंपनीच ब्राउझर बनवत असेल, तर तिचे हित आणि वाचकाचे हित नेहमी जुळेलच असे नाही, हा टीकाकारांचा मुद्दा यामुळे पक्का झाला. दुसऱ्या बाजूने हेही खरे आहे, की फायरफॉक्सचे बहुतेक उत्पन्न गूगलच्या शोधसेवेला अग्रस्थान देण्याच्या मोबदल्यातूनच येते, म्हणजे पर्यायही पूर्णपणे स्वतंत्र नाही.

खासगीपणाबद्दलचा एक गैरसमज मात्र दूर व्हायलाच हवा. ‘इन्कॉग्निटो’ किंवा खासगी खिडकी उघडली म्हणजे कोणालाच काही कळत नाही, असे अनेकांना वाटते. तसे नसते. ती खिडकी केवळ त्या संगणकावर इतिहास आणि कुकी मागे ठेवत नाही. इंटरनेट पुरवणारी कंपनी, कारखान्याचे नेटवर्क किंवा भेट दिलेले संकेतस्थळ यांना आपले येणे दिसतच असते. मात्र सामाईक संगणकावर तिचा खरा उपयोग आहे. मध्य प्रदेशातल्या एमपी ऑनलाइन किऑस्कवर किंवा महाराष्ट्रातल्या महा ई-सेवा केंद्रावर एकाच ब्राउझरमध्ये दिवसभरात अनेकांची खाती उघडली जातात, आणि तेथे ‘पासवर्ड जतन करायचा का?’ या प्रश्नाला घाईत दिलेला होकार महागात पडू शकतो.

विश्वासाचा प्रश्न याहूनही खोल आहे. एखादे संकेतस्थळ खरोखर बँकेचेच आहे, याची ग्वाही देणारे डिजिटल प्रमाणपत्र असते, आणि कोणत्या संस्थांची प्रमाणपत्रे खरी मानायची याची यादी ब्राउझर किंवा संगणकाची प्रणाली बाळगते. जुलै २०१४ मध्ये असे उघडकीला आले, की भारताच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन व्यवस्थेतून गूगल आणि याहू यांच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. भारताचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्यामुळे विंडोजवर एक्स्प्लोरर आणि क्रोम यांना धोका होता. फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी ठेवत असल्यामुळे आणि तीत ते प्रमाणपत्र नसल्यामुळे तो वाचला. त्यानंतर क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास मोजक्या डोमेनांपुरता मर्यादित केला. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा हेच ब्राउझर ठरवत असतो, याचे इतके लख्ख उदाहरण दुसरे सापडणार नाही.

या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली. भारताचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र विश्वासयादीत असावे, ब्राउझरमधूनच दस्तऐवजावर डिजिटल सही करता यावी आणि भारतीय भाषांना आधार असावा, अशा तिच्या अपेक्षा होत्या. पीथमपूरच्या लेखापालाची डोंगलची जुनी तक्रार जणू येथे धोरणाच्या भाषेत मांडली गेली. मार्च २०२५ मध्ये लागलेल्या निकालात झोहोच्या संघाला पहिले, एक कोटी रुपयांचे पारितोषिक मिळाले. झोहोचा उला हा ब्राउझरही ब्लिंकच्याच कुळातला असला, तरी माहिती कोण गोळा करतो आणि विश्वासाची यादी कोण लिहितो या दोन प्रश्नांवर देशी पर्याय असणे मोलाचे आहे.

वाद कशासाठी करावा

एवढे सगळे लक्षात घेतल्यावर ब्राउझरविषयीच्या मतभेदांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ज्याची खाती, पासवर्ड आणि खुणा क्रोममध्ये साठवलेल्या आहेत, त्याला तो सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. ज्याला जाहिरातींचा माग नको आहे, त्याने फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह घेणे शहाणपणाचे आहे. जुनी पोर्टले हाताळणाऱ्याला एजमधील जुनी सोय लागणारच. घरात किंवा कचेरीत दोन वेगळ्या कुळांचे ब्राउझर ठेवणे, बँकेची आणि सहीची कामे त्यांतल्या एकात आणि बाकीची भटकंती दुसऱ्यात करणे, आणि दोन्ही अद्ययावत ठेवणे ही साध्या माणसाला सहज जमणारी शिस्त आहे. अशा व्यवस्थेत कोणाची आवड कोणावर लादावी लागत नाही.

खरा आग्रह धरायचा तो संकेतस्थळे चालवणाऱ्यांपुढे. भारतीय सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. संकेतस्थळ निरनिराळ्या ब्राउझरांत तपासून पाहावे, असे ती सांगतात. म्हणजे नागरिकाने मागायचे ते नवे काहीच नाही, सरकारने स्वतः लिहिलेलाच नियम पाळावा एवढेच आहे. कर भरणे, निविदा देणे, निवृत्तिवेतनाची चौकशी करणे किंवा मुलाच्या प्रवेशाचा अर्ज भरणे ही नागरिकाची कामे आहेत, आणि ती करण्यासाठी त्याने एखाद्या विशिष्ट कंपनीचा प्रोग्राम बसवलाच पाहिजे, अशी अट सार्वजनिक सेवेने घालता कामा नये. म्हणून यापुढे ‘अमुक ब्राउझरमध्येच उघडा’ असे कोणी सांगितले, तर ब्राउझर बदलण्याआधी त्या संकेतस्थळाच्या तक्रारपेटीत लेखी तक्रार नोंदवावी, तीत ब्राउझरचे नाव आणि आवृत्ती लिहावी, अडलेल्या पडद्याचे चित्र जोडावे, आणि मराठी पानावर अक्षरे चुकीची दिसत असतील तर तेही कळवावे. क्रोमवाल्याने फायरफॉक्सवाल्याची तक्रार आपली मानली आणि फायरफॉक्सवाल्याने क्रोमवाल्याची, तरच ब्राउझर कोणता हे ठरवण्याचा अधिकार पोर्टलाकडून आणि कंपनीकडून काढून वापरणाऱ्याच्या हाती देता येईल.